चाक बसले, पण जुळले का?

‘चाकोरी’ हा शब्द आपण नेहमी वापरतो. चाकोरीतले आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार असे आपण म्हणतो. पण चाकोरी म्हणजे मूळ अर्थाने गाडीच्या चाकाने जमिनीत पाडलेली खाच. वर्धा जिल्ह्यातील आर्वीसारख्या काळ्या मातीच्या, कापसाच्या मुलखात हा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात बंडीची चाके ओल्या मातीत रुततात आणि माती वाळली की त्याच खाचा दगडासारख्या कठीण होतात. मग कापूस भरून बाजाराकडे निघालेल्या प्रत्येक बंडीला त्याच दोन खाचांतून जावे लागते. एखाद्या बंडीच्या दोन चाकांमधले अंतर चार बोटे जास्त असेल, तर तिचे एक चाक खाचेत आणि दुसरे वरंब्यावर चालणार. जुंपलेले बैल चपळ गवळाऊ जातीचे असले, तरी त्यांची दमछाक ठरलेली! म्हणून एका मुलखातल्या बंड्यांच्या चाकांमधले अंतर साधारणपणे सारखेच ठेवण्याची रीत पडली.

हीच गोष्ट रेल्वेने आणखी ठळकपणे दाखवून दिली. पुलगाव ते आर्वी ही अरुंद मापाची रेल्वे १९१७ साली सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट होते. पुलगावाहून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाच्या रुळांमधले अंतर मात्र १,६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट आहे. दोन्ही गाड्यांची चाके पोलादाचीच, आपापल्या जागी उत्तम. पण लहान गाडीचा डबा मोठ्या रुळांवर जाऊ शकत नव्हता. मालाच्या डब्यातले सारे पुलगावला उतरवून दुसऱ्या डब्यात भरणे भाग होते. ही लहान गाडी आता धावत नाही. पण तिने शिकवलेला धडा जुना झालेला नाही. चाक चांगले की वाईट हा प्रश्न एकट्या चाकाकडे पाहून सुटत नाही. ते ज्या आसावर बसायचे, ज्या गाडीखाली फिरायचे आणि ज्या वाटेवर चालायचे, त्या तिन्हींशी त्याचे जुळावे लागते.

आज आर्वीच्या रस्त्यावर बंड्यांपेक्षा मोटारी अधिक दिसतात. नवी मोटार घेतली, की तिची साधी पोलादी चाके काढून चकचकीत मिश्रधातूची, म्हणजे ‘अलॉय’ची, रुंद चाके बसवण्याची हौस पुष्कळांना असते. दुकानदार म्हणतो, “बसते साहेब!” चाक खरोखरच बसते. पण बसणे आणि जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक शाळेत शिकलेल्या भूमितीने आणि भौतिकशास्त्राने कसा ओळखता येतो, ते या लेखात पाहू.

लोहाराचे गणित

आधी बंडीच्या लाकडी चाकाकडे पाहू. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आरे ज्यात बसतात तो लाकडी घेर आणि त्यावर लोखंडी पट्टीचे कडे. या कड्याला ‘धाव’ म्हणतात. धाव खिळ्यांच्या भरवशावर राहत नाही. लोहार ती मुद्दाम लाकडी घेरापेक्षा थोडी लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतो, प्रसरण पावलेली धाव घेरावर चढवतो आणि लगेच पाणी ओततो. धाव आकसते आणि सारे चाक आवळून धरते.

समजा, चाकाचा व्यास १.४ मीटर आहे. त्याचा परीघ सुमारे ४.४० मीटर झाला. लोहाराने धावेचा आतला परीघ ४.३८ मीटर, म्हणजे २ सेंटिमीटर कमी ठेवला. लोखंडाची लांबी तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की मीटरमागे सुमारे ०.०००१२ नव्हे, तर त्याच्याही दहावा हिस्सा, म्हणजे ०.००००१२ मीटरने वाढते. धाव ६०० अंशांनी तापवली, तर वाढ अशी येईल :

४.३८ × ०.००००१२ × ६०० = ०.०३१५ मीटर, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर.

आता धावेचा परीघ ४.४१ मीटर झाला. ती घेरावर सहज चढेल आणि थंड झाल्यावर २ सेंटिमीटर आकसू पाहील. पण मध्ये लाकूड असल्यामुळे तिला आकसता येणार नाही. याच ताणाने आरे तुंब्यात घट्ट रुततात. धाव फार लहान केली तर लाकूड चिरडते, मोठी राहिली तर वैशाखात लाकूड वाळताच निसटते. लोहाराला सूत्र पाठ नसेल, पण जुळणी म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक असते. मोटारीच्या चाकातही हेच कौशल्य लागते. फक्त तेथे मापे मिलिमीटरांत असतात आणि वेग बंडीच्या वीसपट असतो.

पहिले माप : भोकांचे वर्तुळ

मोटारीच्या आसाच्या टोकाला ‘हब’ असतो. तो बंडीच्या तुंब्यासारखा. त्याच्या सपाट चकतीवर चार किंवा पाच बोल्ट असतात आणि चाकाची भोके त्यांवर बसवून नट आवळतात. या सर्व बोल्टांच्या मध्यांतून जाणारे वर्तुळ कल्पनेने काढा. त्याच्या व्यासाला कारागीर ‘पी.सी.डी.’ म्हणतात. ‘४ × १००’ याचा अर्थ चार बोल्ट आणि १०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ. मारुती स्विफ्टचे माप हेच आहे. फियाटच्या अनेक मोटारींचे माप मात्र ४ × ९८ असते.

हे माप कसे घ्यावे? चार भोके असतील, तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर हेच उत्तर. मध्य शोधण्याची गरजही नाही. दोन्ही भोके सारख्या आकाराची असल्याने एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर तेवढेच भरते. पण पाच भोके असतील, तर कोणतीच दोन समोरासमोर येत नाहीत. तेथे भूमिती उपयोगी पडते. शेजारच्या दोन भोकांमधले अंतर म्हणजे वर्तुळाची जीवा. ती केंद्राशी ७२ अंशांचा कोन करते. म्हणून जीवा = व्यास × ज्या ३६°; अर्थात व्यास = जीवा × १.७०१. शेजारच्या दोन भोकांत ६७.२ मिलिमीटर अंतर मिळाले, तर व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच. चार भोक्यांच्या चाकात हाच गुणक १.४१४ येतो. तो का, हे तुम्हीच काढून पाहा.

आता ४ × ९८ चे चाक ४ × १०० च्या हबवर ठेवले तर? फरक व्यासात २ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक भोकामागे फक्त १ मिलिमीटर. भोके बोल्टापेक्षा थोडी मोठी असतात, म्हणून चाक ओढूनताणून बसतेही. पण नटाचे टोक शंकूच्या आकाराचे असते आणि ते भोकाच्या तशाच शंक्वाकृती खोबणीत पूर्ण टेकावे लागते. येथे ते एका बाजूनेच टेकते आणि बोल्ट किंचित वाकतो. नट आवळताना हाताला मात्र सगळे घट्ट झाल्यासारखे वाटते.

दुसरे माप : मधले भोक

चाकाच्या मधोमध एक मोठे भोक असते. हबचा उंचवटा त्यात चपखल बसला, की चाकाचा मध्य आणि आसाचा मध्य आपोआप एक होतात. स्विफ्टच्या हबचा हा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आहे. बाजारातली अलॉय चाके मात्र अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे भोक मोठे, पुष्कळदा ७३.१ मिलिमीटरचे ठेवलेले असते. मधली फट भरण्यासाठी योग्य मापाचे कडे घालावे लागते. कडे घातले नाही, तर चाकाचा मध्य साधण्याचे काम एकट्या नटांवर पडते आणि आवळताना चाक थोडे सरकून राहण्याचा संभव असतो.

थोडे म्हणजे किती? समजा, चाक अर्धा मिलिमीटर सरकले. टायरसह चाकाचे वस्तुमान १६ किलोग्रॅम आहे आणि मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर जात आहे. टायरचा परीघ १.९५ मीटर धरला, तर चाक सेकंदाला ११.४ फेरे घेते. त्याचा कोनीय वेग २ × ३.१४ × ११.४, म्हणजे सुमारे ७१.६ रेडियन होतो.

केंद्रोत्सारी बल = वस्तुमान × (कोनीय वेग)² × त्रिज्या
= १६ × ७१.६ × ७१.६ × ०.०००५ = सुमारे ४१ न्यूटन.

म्हणजे चार किलोचे वजन सेकंदाला अकरा वेळा दिशा बदलून आसाला हिसके देत आहे! वेग दुप्पट झाला, तर हे बल चौपट होते. गावात फिरताना जे जाणवत नाही, ते तळेगावपाशी महामार्गाला लागल्यावर सुकाणूच्या थरथरण्यातून कळते, ते यामुळे. अशी थरथर पुष्कळदा ‘बॅलन्सिंग’ करूनही जात नाही. कारण यंत्रावर चाक बरोबर मध्यभागी बसवलेले असते; चूक गाडीच्या हबवर होते.

चाक कोण धरून ठेवते?

हा प्रश्न वर्गात विचारा. बहुतेक विद्यार्थी “बोल्ट” असे उत्तर देतील. ते अर्धेच खरे आहे. बोल्टांचे काम चाकाला हबवर दाबून धरण्याचे. भार पेलते ते त्या दाबामुळे निर्माण झालेले घर्षण.

आकडे पाहू. समजा, १२ मिलिमीटर जाडीच्या बोल्टावर नट ८५ न्यूटन-मीटर इतक्या परिबलाने आवळला. बोल्टातला ताण काढण्याचे एक व्यवहारी सूत्र आहे. परिबलाला बोल्टाच्या व्यासाने आणि ०.२ या अंकाने भागावे. ८५ ÷ (०.२ × ०.०१२) = सुमारे ३५,००० न्यूटन. चार बोल्टांचे मिळून १,४०,००० न्यूटन, म्हणजे १४ टन वजनाइतका दाब! घर्षण गुणांक ०.१५ धरला, तरी चाक घसरवायला २१,००० न्यूटन बल लागेल. लहान मोटारीच्या एका चाकावर स्थिर असताना ३,००० न्यूटनच्या आसपास भार असतो. म्हणजे निसर्गाने दिलेल्या घर्षणाने आपल्याला सातपट मोकळीक दिली आहे.

पण ही मोकळीक केव्हा मिळते? नटाचा शंकू पूर्ण टेकलेला असेल आणि चाक व हब यांचे पृष्ठभाग स्वच्छ असतील तेव्हा. मध्ये चिखल, गंज किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर काही दिवसांनी तो दबतो आणि बोल्टातला ताण उतरतो. ताण उतरला की दाब कमी, दाब कमी की घर्षण कमी. मग चाक सूक्ष्मपणे हलू लागते, बोल्टांवर आडवे घाव बसू लागतात आणि नट फिरून सैल होतो. चालत्या गाडीचे चाक निखळते ते बहुधा या वाटेने, एकाएकी नव्हे.

म्हणून नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, परिबल दाखवणारा पाना वापरावा, परिबलाचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर धावल्यानंतर नट पुन्हा तपासावेत. अलॉय चाकाला नटही वेगळे लागण्याचा संभव असतो. काहींची खोबण शंकूसारखी, काहींची गोल, तर काहींची सपाट असते. जुने नट डोळे मिटून वापरू नयेत.

तिसरे माप : चाक आत की बाहेर?

चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून जाणारे एक उभे प्रतल कल्पनेने काढा. चाकाचा जो पृष्ठभाग हबला टेकतो, तो या मध्यप्रतलापासून किती दूर आहे, त्या अंतराला ‘ऑफसेट’ म्हणतात. टेकणारा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला असेल, तर ऑफसेट धन. चाकावर ‘ई.टी. ४५’ अशी खूण असते, तिचा अर्थ ४५ मिलिमीटर धन ऑफसेट. हा आकडा कमी झाला, की चाक तेवढे बाहेर येते.

एक उदाहरण सोडवू. जुने चाक ५ इंच रुंद व ऑफसेट ४५. नवे ६ इंच रुंद व ऑफसेट ३५. रुंदी एक इंचाने, म्हणजे २५.४ मिलिमीटरने वाढली. ती दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी, १२.७ मिलिमीटर वाटली जाईल. शिवाय सारे चाक १० मिलिमीटर बाहेर सरकेल. म्हणून

बाहेरची कड : १२.७ + १० = २२.७ मिलिमीटर बाहेर,
आतली कड : १२.७ − १० = २.७ मिलिमीटर आत.

आतल्या बाजूला विशेष फरक नाही. पण बाहेर जवळजवळ बोटभर फरक पडला. रिकामी गाडी उभी असताना चाक छान दिसेल. घरची पाच माणसे आणि मागे संत्र्यांच्या पेट्या भरल्या, गाडी खाली बसली आणि वळणावर खड्डा आला, की टायर मडगार्डला घासेल. त्या जागी टायर कापला जातो.

न दिसणारे नुकसान वेगळेच आहे. पाण्याची बादली अंगालगत धरा आणि नंतर हात लांबवून धरा. बादली तीच, पण खांदा दुखू लागतो. कारण बल तेच असले, तरी परिबल वाढले. चाकाचे मध्यप्रतल १० मिलिमीटर बाहेर गेले, तर ३,००० न्यूटन भाराचे ३० न्यूटन-मीटर इतके जादा परिबल बेअरिंगवर अहोरात्र पडते आणि खड्ड्यात ते कितीतरी पटींनी वाढते. पुढच्या चाकांच्या बाबतीत सुकाणूही जड होते आणि एकच चाक खड्ड्यात गेले, तर हातांना जोरात हिसका बसतो. चाक बाहेर आणण्यासाठी मध्ये घालतात त्या चकत्यांचा, म्हणजे ‘स्पेसर’चा परिणामही हाच होतो, शिवाय नटाला धरायला बोल्टाचे आटे कमी उरतात.

टायरवरचे आकडे वाचा

टायरवर ‘१६५/८० आर १४’ असे लिहिलेले असते. १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १४ हा चाकाचा व्यास इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा हा चमत्कारिक मेळ आहे! पण त्यावरून टायरचा पूर्ण व्यास काढता येतो.

भिंतीची उंची = १६५ × ०.८० = १३२ मि.मी.
पूर्ण व्यास = (२ × १३२) + (१४ × २५.४) = ६१९.६ मि.मी.

स्विफ्टच्या साध्या प्रकाराला हा टायर असतो आणि महागड्या प्रकाराला १८५/६५ आर १५. दुसऱ्याचा व्यास काढा : (२ × १२०.२५) + ३८१ = ६२१.५ मि.मी. चाक एक इंचाने मोठे झाले, टायर रुंद झाला, पण पूर्ण व्यासात अवघा ०.३ टक्के फरक पडला. कारखान्यातले अभियंते जुळणी कशी साधतात, त्याचा हा नमुना आहे.

आता कोणी २०५/६५ आर १५ बसवला असे समजा. व्यास ६४७.५ मि.मी., म्हणजे सुमारे ४.५ टक्के जास्त. वेगदर्शक चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. त्याने पूर्वी जेथे खरे ८० दाखवले, तेथे आता ८० दाखवताना गाडी ताशी ८३.६ किलोमीटर धावत असेल. त्रिज्या वाढल्याने तेच इंजिन चाकाच्या कडेशी कमी बल देईल आणि तोच ब्रेकही. म्हणून पूर्ण व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे.

उलट १९५/५० आर १६ घेतला, तर व्यास ६०१.४ मि.मी. येतो. फरक सुमारे ३ टक्के, पण भिंतीची उंची १३२ वरून ९७.५ मि.मी. वर आली. हवेची ही भिंत म्हणजे खड्डा आणि चाक यांच्यातली गादी. गादी पातळ झाली, की पावसाळ्यातल्या खड्ड्याचा घाव थेट चाकाच्या कडेवर बसतो. शिवाय गाडीचे पोट जमिनीजवळ ९ मिलिमीटर येते.

टायरच्या मापापुढे ‘८५ टी’ अशीही खूण असते. ८५ हा भारांक. तो एका टायरला ५१५ किलोग्रॅम पेलण्याची मुभा देतो. ८२ म्हणजे ४७५, तर ८८ म्हणजे ५६० किलोग्रॅम. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कधीही कमी नसावा. आय.एस.आय. खूणही पाहावी.

रुंद टायर जास्त जागा धरतो का?

टायर रुंद केला, की जमिनीला जास्त क्षेत्रफळ टेकते असे सर्वांना वाटते. दाबाची व्याख्या आठवा : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो (म्हणजे सुमारे ३० पौंड) हवा आहे. तर टेकणारे क्षेत्रफळ ३०० ÷ २.१ = सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर. या हिशेबात टायरची रुंदी कोठे आली? आलीच नाही! हवा तेवढीच ठेवली, तर रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळ जवळपास तेच राहते. टायरचा रबर स्वतःही थोडा भार पेलतो, म्हणून हे उत्तर अंदाजाचे आहे. पण दिशा बरोबर आहे. वळणावर ठशाचा बदललेला आकार उपयोगी पडतो; मात्र पाणी साचलेल्या रस्त्यावर रुंद टायरला समोरचे अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि तो पाण्यावर तरंगण्याचा धोका वाढतो.

हलके म्हणजे नेहमी हलके नव्हे

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश. म्हणून अलॉय चाक हलकेच असणार, असे समजू नये. ते जाड ओतावे लागते आणि बहुधा मोठ्या व्यासाचे घेतले जाते. त्यामुळे पुष्कळदा ते मूळच्या पोलादी चाकाइतकेच किंवा जास्तही भरते. वजन करूनच पाहावे. चाकाच्या कडेवरचे वजन दोनदा मोजावे लागते. एक किलोचे कडे गाडीबरोबर पुढे जाते तेव्हा त्याची गतिज ऊर्जा ½ मव², आणि ते स्वतःभोवती फिरते म्हणून आणखी ½ मव². एकूण मव². म्हणजे कडेवरचा एक किलो हा डिकीतल्या दोन किलोंइतका इंजिनाला जड.

आणखी एक फरक. पोलादी चाक घाव बसला तर वाकते. ओतीव अलॉय चाकाला तडा जाण्याचा संभव असतो. तडा गेलेले चाक डाग देऊन पुन्हा वापरणे धोक्याचे. चांगल्या चाकांच्या नमुन्यांना तीन कसोट्यांतून जावे लागते : वळणावर येणारा वाकवणारा ताण लाखो फेऱ्यांत देणे, फिरत्या पिंपावर भाराखाली चालवणे आणि वरून वजन टाकून आघात करणे. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहने व त्यांचे भाग यांच्या परीक्षा घेणारी संस्था आहे. नुसत्या चकाकीवर चाक घेण्यापूर्वी ते कसोटीला उतरले आहे का आणि त्याच्या पाठीवर भारमर्यादा कोरली आहे का, हे विचारावे.

कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वांत सुरक्षित मार्ग असा : त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला उत्पादकाने जे चाक आणि जो टायर दिला आहे, तोच निवडावा. हौस भागते आणि गणितही चुकत नाही.

निवड करताना क्रम

१. भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास तंतोतंत तोच हवा. येथे ‘जवळपास’ चालत नाही.
२. मधले भोक हबइतकेच असावे. मोठे असल्यास योग्य मापाचे कडे घालावे.
३. नट चाकाच्या खोबणीच्या आकाराचे असावेत.
४. ऑफसेट आणि रुंदी यांचा हिशेब करून दोन्ही कडा किती सरकतात ते काढावे.
५. टायरच्या पूर्ण व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत असावा आणि चारही चाके सारखी असावीत. नव्या गाड्यांत चाके घसरू न देणारी ब्रेकयंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करत असते.
६. भारांक मूळ टायरइतका किंवा जास्त असावा.
७. शेवटी रंग आणि नक्षी पाहावी.

दुकानात हा क्रम पुष्कळदा नेमका उलटा असतो! चाक निखळले किंवा टायर फाटला, तर किंमत एकटा मालक मोजत नाही. त्याच रस्त्याने सायकलवर शाळेत जाणारी मुले असतात, कापसाची बंडी हाकणारा शेतकरी असतो. म्हणून ही सात मापे घरातल्या ज्याला मोटारीची हौस असेल, त्याला जरूर समजावून सांगा.

करून पाहा

सपाट जागेवर, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, इंजिन बंद असलेल्या मोटारीच्या टायरवर जमिनीला टेकलेल्या जागी खडूने खूण करा. तशीच खूण जमिनीवरही करा. गाडी हळूहळू ढकला. चाकाचा एक फेरा पूर्ण होऊन टायरवरची खूण पुन्हा खाली आली, की जमिनीवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर मोजा. टायरवरच्या आकड्यांवरून काढलेल्या परिघापेक्षा ते थोडे कमी येईल. कारण उघड आहे : भाराखाली टायर दबतो आणि त्याची परिणामी त्रिज्या घटते. हवा कमी असलेल्या टायरने हाच प्रयोग केला तर काय होईल, याचा आधी अंदाज बांधा आणि मग पडताळा पाहा.

स्वाध्याय

१. १७५/७० आर १३ या टायरचा पूर्ण व्यास काढा.
२. जुने चाक ५.५ इंच रुंद, ऑफसेट ४०, नवे ६.५ इंच रुंद, ऑफसेट ४५. बाहेरची आणि आतली कड किती सरकेल?
३. पाच भोकांच्या चाकात शेजारच्या भोकांच्या मध्यांतले अंतर ५८.८ मि.मी. आहे. वर्तुळाचा व्यास किती?

उत्तरे : १. ५७५.२ मि.मी. २. बाहेर ७.७ मि.मी., आत १७.७ मि.मी. ३. सुमारे १०० मि.मी.

दुसऱ्या उदाहरणात चाक बाहेर फारसे येत नाही, पण आत बरेच जाते. तेथे टायर गाडीच्या कोणत्या भागाला घासण्याचा संभव आहे, हे एखाद्या उभ्या मोटारीखाली डोकावून शोधा आणि वर्गात सांगा.